शाळा सुटल्यानंतरचे दोन तास: क्लब, क्लास की तालीम?

जून उजाडला की अहमदपूर, चाकूर, शिरूर ताजबंद, किनगाव या पट्ट्यातल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. लातूरच्या फॅमिली क्लबवाल्यांचा फोन आला होता, पोहणं-स्केटिंग-टेनिस सगळं एकाच आवारात आहे म्हणतात, मेंबरशिप घ्यावी का? पोराला अबॅकस लावू की कराटे? पोरगी खो-खो चांगली खेळते, पण संध्याकाळी ट्यूशन बुडते, काय करावं? आणि ज्यांनी आधीच पैसे भरलेत, त्यांचा प्रश्न: परत मिळतील का?

थोडक्यात उत्तर असं, की मूल आठवड्यातून चार दिवस जिथे पायी किंवा सायकलवर जाऊ शकेल, ती जागा आधी बघा. मेंबरशिपचा विचार त्यानंतर. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही. समोर चकचकीत माहितीपत्रक असतं, शेजाऱ्यांनी पैसे भरलेले असतात, आणि ‘ऑफर आजच्यापुरतीच’ असते. म्हणून जरा सविस्तर बघू.

आधी मुलाचं घड्याळ मांडा

कोणताही क्लास शोधण्याआधी कागदावर सोमवार ते शनिवार लिहा आणि प्रत्येक दिवशी मूल खरोखर किती वाजता मोकळं होतं ते समोर मांडा. २०२४ पासून राज्यात पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश आहे. सकाळची शाळा गेली, म्हणजे मोकळी दुपारही गेली. शाळा साडेचार-पाचला सुटते, घरी येऊन हात-पाय धुऊन खाईपर्यंत साडेपाच होतात. जूनमध्ये त्यानंतर दीड तास उजेड असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. क्लास निवडताना हा फरक कुणी धरत नाही. मग दिवाळीनंतर ‘अंधार पडतो’ म्हणून मुलीचं जाणं बंद होतं, आणि भरलेली वर्षाची फी तशीच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांप्रमाणे पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना झोप नऊ ते बारा तास लागते. हे दोन आकडे कागदावर आधी टाका. ट्यूशन आणि क्लास उरलेल्या वेळेत बसवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी नवोदय आणि शिष्यवृत्तीचे क्लास, मग इंग्रजीची ट्यूशन, आणि खेळायला रविवार.

वयाप्रमाणे ढोबळ हिशेब असा ठेवा:

- सहा वर्षांखाली: क्लास नको. अंगण, गल्ली, आजी-आजोबा पुरेत. या वयात ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ विकायला कुणी आलं तर पाणी विचारा आणि वाटेला लावा.
- सहा ते नऊ: एकाच खेळाला जुंपू नका. धावणं, लंगडी, लगोरी, पोहणं, सायकल असं सगळं होऊ द्या. फी महिन्याचीच भरा, कारण या वयातली आवड दोन महिन्यांत बदलते.
- दहा ते तेरा: एक खेळ आणि एक कला, बस्स. नियमित प्रशिक्षक शोधायचं वय हेच.
- नववी-दहावी: खेळ बंद करू नका, वेळ कमी करा. ‘दहावी झाली की परत सुरू कर’ असं सांगितलेलं मूल सहसा परत मैदानावर येत नाही. अकरावीत त्याला लातूरला पाठवलेलं असतं आणि तिथे सकाळी सहापासून नीटचे तास सुरू झालेले असतात.

क्लबची मेंबरशिप म्हणजे नेमकं काय विकत घेता?

‘क्लब’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यांची गल्लत झाली की नुकसान ठरलेलं.

पहिला प्रकार सभासदांच्या संस्थेचा. पुण्याचा पी. वाय. सी. हिंदू जिमखाना १९००चा, डेक्कन जिमखाना १९०६चा. अशा संस्थांत सभासद कार्यकारिणी निवडून देतात, वार्षिक सभा होते, ताळेबंद मांडला जातो. मुलांसाठी पोहणं, टेबल टेनिस, बॅडमिंटन, क्रिकेटचं प्रशिक्षण चालतं, आणि प्रशिक्षण नीट नसेल तर सभासद सभेत उभा राहून विचारू शकतो. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून चालू आहे, तेही लोकांनी उभं केलेलं. अहमदपुरात अशा धर्तीचा जुना जिमखाना नाही.

दुसरा प्रकार कंपनीच्या मेंबरशिपचा: फॅमिली क्लब, कंट्री क्लब, रिसॉर्ट, नाव काहीही असो. इथे तुम्ही ‘मेंबर’ म्हणवले गेलात तरी मालक नसता आणि मतदारही नसता. तुमच्या हातात फक्त करारनामा असतो. त्यात लिहिलंय तेवढंच तुमचं; विक्रेत्याने चहा पाजत तोंडी सांगितलेलं काहीही तुमचं नाही.

आता हिशेब करून बघा. समजा मेंबरशिप पाच वर्षांची, ६०,००० रुपयांना. म्हणजे वर्षाला १२,०००. त्यावर वार्षिक देखभाल शुल्क समजा ६,०००. झाले १८,०००. अहमदपूरहून लातूर चाकूरमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर. शाळेच्या दिवशी जाणं अशक्य, म्हणजे रविवार. लग्नसराई, परीक्षा, पेरणी, पाहुणे वगळले तर महिन्यातून दोन रविवार मिळाले तरी पुष्कळ. वर्षाच्या २४ खेपांना १८,००० म्हणजे खेपेला ७५०. गाडीचं पेट्रोल जाऊन-येऊन आठ-नऊशे. म्हणजे मुलाच्या एका तासाच्या पोहण्याला साधारण १,६५० रुपये पडले, आणि तिथल्या कँटीनचं बिल अजून यायचंच आहे. शिवाय महिन्यातून दोनदा जाऊन मूल कोणताही खेळ शिकत नाही. ती सहल झाली. सहल वाईट नाही, पण तिला प्रशिक्षणाच्या भावाने पैसे मोजू नका.

नांदेडच्या बाजूला जाणार असाल तर अंतराचा आकडा बदलेल, हिशेबाचा निष्कर्ष बदलत नाही.

ही मेंबरशिप परवडते ती वेगळ्या घरांना. मुलांच्या शिक्षणासाठी आई मुलांना घेऊन लातुरात खोली करून राहते आणि वडील इकडे दुकान-शेती बघतात, अशी कितीतरी घरं आपल्या तालुक्यात आहेत. क्लब खोलीपासून दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर विचार जरूर करा. तरीही आधी एक महिन्याचा पास मागा. महिन्याचा पास द्यायला जो क्लब अजिबात तयार नसतो, त्याला तुमचं मूल येण्यापेक्षा तुमचे पाच वर्षांचे पैसे येण्यात रस आहे, असं खुशाल समजा.

सही करण्याआधी करारनामा घरी आणा

विक्रीची पद्धत सगळीकडे सारखी असते. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर नाव-नंबर लिहून घेतात, चार दिवसांनी ‘तुमचं कूपन लागलंय’ असा फोन येतो. नवरा-बायको दोघांनी यायलाच हवं अशी अट असते. हॉटेलात जेवण, मोठ्या आवाजात गाणी, दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘अभिनंदन’ म्हणून टाळ्या पिटतं, आणि तीन तासांनी पुढ्यात कागद येतो. तिथे सही करायचीच नाही. ‘कागद द्या, घरी वाचून कळवतो’ एवढं म्हणा. कागद देत नसतील तर विषय तिथेच संपला.

कागद मिळाला तर या जागा पेन्सिलीने खूण करून वाचा:

- ‘कुटुंब’ म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी पती, पत्नी आणि ठरावीक वयाखालची मुलं. आजी-आजोबा पाहुणे ठरतात आणि त्यांचे दर खेपेला पैसे पडतात. मुलाला रोज क्लबात सोडायला आजोबाच जाणार असतील तर हा मुद्दा पहिला.
- मुलांच्या प्रशिक्षणाची फी मेंबरशिपमध्ये आहे का? बहुधा नसते. मेंबरशिपने फाटकातून आत जाता येतं. कोचिंगची बॅच वेगळी, फी वेगळी, त्यावर जीएसटी वेगळा.
- वार्षिक देखभाल शुल्क. क्लबला नाही गेलात तरी भरावं लागतं का, आणि दरवर्षी किती वाढू शकतं? वाढीची मर्यादा लिहिलेली नसेल तर लिहून घ्या.
- ‘आजीवन’ शब्द. कुणाचं जीवन? तुमचं, की क्लब त्या जागेवर भाड्याने आहे तोवर? जागा मालकीची की भाडेपट्ट्याची, हे विचारायला लाजू नका.
- सुविधा बंद राहिली तर? तलाव चार महिने बंद राहिला तर मुदत वाढते की फी कमी होते, हे स्पष्ट हवं.
- ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे कलम. ते जवळपास प्रत्येक करारात असतं. तेवढ्यावरून तुमचे सगळे हक्क संपत नाहीत. पुढे त्याबद्दल लिहिलंय.
- हप्ते. ‘महिन्याला फक्त दोन हजार’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डचा हप्ता बांधला जातो. क्लब सोडला तरी तो हप्ता चालूच राहतो, कारण तो करार वेगळा असतो. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या फॉर्मवर सही कधीही नको.

तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागा: ‘स्केटिंग रिंक दिवाळीपर्यंत तयार होईल असं आपण सांगितलंत, कृपया खात्री द्यावी.’ उत्तर आलं तर पुरावा झाला. नाही आलं तरी उत्तर मिळालंच म्हणायचं.

पोहण्यासाठी क्लब? आधी पाण्याचं विचारा

मुलाने पोहायला शिकावंच, याबद्दल दुमत नाही. विहिरी, शेततळी, साठवण तलाव आपल्या अवतीभवती आहेत, आणि मे महिन्यात मुलं त्यांत उतरणारच. पण लातूर जिल्ह्यात तलावाच्या नावाने पैसे भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आणावी लागली होती. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी आलं. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा मध्यम तलाव भरायलाच तीन लाख लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे सगळ्या गावाने वाट बघितलेल्या त्या गाडीत दीड तलावाचं पाणी होतं! टंचाईच्या वर्षी पोहण्याचे तलाव आधी बंद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. अडचण इतकीच, की मुलांना सुट्टी असते ती नेमकी त्याच महिन्यांत. म्हणून क्लबला विचारा: पाणी कुठून येतं, गाळून परत वापरायची यंत्रणा आहे का, आणि गेल्या उन्हाळ्यात तलाव किती दिवस चालू होता? शेवटचा प्रश्न तिथल्या रखवालदारालाही विचारा. खरं उत्तर तोच देतो.

तलाव बघायला गेलात तर काठावर उभे राहा आणि तळ स्वच्छ दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही. खोलीचे आकडे काठावर रंगवलेले हवेत. तळाच्या जाळीचं झाकण पक्कं हवं. जीवरक्षक वेगळा हवा. मुलांना शिकवणाराच जीवरक्षक असेल तर त्याची पाठ अर्ध्या मुलांकडे असते.

गावाकडे अजूनही पाठीला हवाबंद पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात. मामा किंवा चुलता पायऱ्यांवर बसलेला, दोरीचं टोक त्याच्या हातात, आणि पोरगं ओरडत हात मारतंय. या रीतीने पिढ्या शिकल्या आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फक्त तीन अटी पाळा: पायऱ्या असलेलीच विहीर, उत्तम पोहणारा मोठा माणूस पाण्यात, आणि दोरी घट्ट बांधलेली. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात मात्र मुलाला कधीही उतरवू नका. ओल्या कागदावर पाय टिकत नाही आणि चांगला पोहणाराही काठ चढू शकत नाही. शेततळं तुमचं स्वतःचं असेल तर कुंपण घाला आणि गाठी मारलेली दोरी काठावरून कायम आत सोडून ठेवा.

गावातच काय मिळतं?

तालुक्याच्या गावात मुलांसाठी काहीच नाही, अशी तक्रार सारखी कानावर येते. अर्धी खरी आहे. टेनिस नाही, स्क्वॉश नाही. पण ज्या खेळांत महाराष्ट्र देशात पुढे आहे, ते खेळ आपल्या मातीतलेच आहेत.

*खो-खो आणि कबड्डी.* खर्च शून्याच्या जवळ. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती, २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला. कर्णधार होते प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. हा खेळ तुमच्या मुलीला शाळेच्या मैदानावर, रोज, फुकट मिळू शकतो. त्यासाठी तुम्ही करायचं एवढंच, की मुख्याध्यापकांना भेटून शाळा सुटल्यावर तासभर मैदान उघडं ठेवायला सांगा आणि क्रीडाशिक्षक थांबणार का ते विचारा. एकट्याने गेलात तर ‘बघू’ म्हणतील. दहा-बारा पालकांनी सह्या करून अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला तर उत्तर द्यावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान हवं असं लिहिलेलंच आहे.

काळ्या मातीच्या मैदानाची एक अडचण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चिखल पायाला किलोकिलोने चिकटतो आणि खेळ बंद पडतो. मुरूम टाकून घ्या. पालकांनी वर्गणी काढली तर दोन-चार ट्रॉल्यांत मोठा फरक पडतो, आणि तो खर्च क्लबच्या एका मेंबरशिपहून कमीच असेल.

*तालीम.* रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवारही लातूर जिल्ह्यातलेच. कुस्तीला आपल्याकडे मान आहे, पण शहरी नोकरदार पालक मुलाला तालमीत घालायला कचरतात. कचरू नका, फक्त नीट बघून घाला. वस्ताद रोज हजर असतो का? लाल माती खोदून, चाळून मऊ ठेवलेली आहे का, की पाट्यासारखी कडक झालीय? फक्त मातीवर सराव आहे की मॅटही आहे? शालेय स्पर्धा मॅटवर होतात, त्यामुळे पुढे जायचं असेल तर मॅटची सवय लागते. लहान मुलांची जोड वजन आणि वय बघून लावतात का? आणि अंघोळ: सराव झाल्यावर लगेच साबणाने अंघोळ आणि स्वतःचा टॉवेल हवाच, नाहीतर गजकर्ण महिनाभरात घरभर होतं. दहा-अकरा वर्षांच्या पोराला वजन उतरवायला उपाशी ठेवणारा किंवा डब्यातली पावडर विकणारा वस्ताद भेटला तर दुसरी तालीम शोधा.

*चित्रकला.* एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा शाळेमार्फत देता येतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. फॉर्म शाळेतून भरला जातो, म्हणून जूनमध्येच चित्रकलेच्या शिक्षकांना भेटा.

*गाणं, पेटी, तबला.* अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रं गावोगावी आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असा क्रम असतो. शिक्षक चांगला की नाही, हे परीक्षेच्या निकालावरून कळत नाही. मूल क्लासहून आल्यावर आपणहून पेटी उघडून बसतं का, यावरून कळतं. भजनी मंडळातला एखादा जाणकार पखवाजी घरी येऊन शिकवायला तयार असेल तर त्याला दूर लोटू नका. ताल पक्का होण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं कुणी नाही.

*वाचनालय.* अनुदानित सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग असतो, वर्गणी नाममात्र. आठवड्यातला एक दिवस याला द्या.

तालुका क्रीडा संकुलाची चौकशी मात्र स्वतः जाऊन करा. कोणता खेळ, कोणत्या वेळी, प्रशिक्षक आहे की नुसती इमारत, हे बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

एक संध्याकाळ कडेला बसा

फी भरण्याआधी कोणत्याही क्लासच्या कडेला एक पूर्ण तास बसा. न सांगता जा. कराटेचा वर्ग असो की बॅडमिंटनचा, बघायच्या गोष्टी त्याच.

घड्याळ लावून मोजा: तासाभरात एक मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हलतं? रांगेत उभं राहून पाळीची वाट बघणारी चाळीस पोरं आणि समोर एक सर, असा तास असेल तर तुमच्या मुलाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत. शेवटच्या रांगेतल्या जाड्या किंवा लाजऱ्या पोराशी सर बोलतात का? चुकलं की काय होतं, दाखवतात की टपली मारतात? पाणी प्यायची सुट्टी किती वेळा? एप्रिलमध्ये चाळिशीपार पारा असताना साडेचारलाच मैदानात उतरवत असतील, तर त्यांना खेळही कळत नाही आणि मुलंही. मुलींसाठी स्वच्छ, कडी असलेलं स्वच्छतागृह आहे का, तेही आत जाऊन बघा.

आणि प्रशिक्षकाची पात्रता विचारा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा असेल तर उत्तम. पण ‘एनआयएस केलंय’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या: पूर्ण डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. शारीरिक शिक्षणातली बी.पी.एड. पदवीही चालते. बोर्डवरची ‘इंटरनॅशनल ग्रँडमास्टर’ वगैरे बिरुदं मनावर घेऊ नका.

मेडलं आणि सर्टिफिकेटं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सहा महिने झाले की क्लासवाले सांगतात, ‘मुलाची नॅशनलसाठी निवड झालीय, गोव्याला जायचंय, आठ हजार भरा.’ तिथे प्रत्येक मुलाला मेडल मिळतं. घरी मिरवणूक निघते, फोटो लागतो, आणि पुढे कळतं की या कागदाला सरकारदरबारी काही किंमत नाही.

राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुणही मिळतात. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त लागते, आणि नोकरीच्या वेळी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. शालेय मुलांसाठी सरळ वाट एकच: क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील गट. प्रवेश शाळेमार्फतच होतो. म्हणून खासगी क्लास कितीही चांगला असला तरी शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी संबंध तोडू नका. नाव तेच पाठवणार आहेत. क्लासवाल्यांना एवढंच विचारा: ‘ही स्पर्धा कोणत्या संघटनेची, आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या मान्य खेळांच्या यादीत ती आहे का?’ मग स्वतः त्या कार्यालयात एक फोन करा.

सुरक्षिततेबद्दल थोडं

एकट्या मुलाला प्रशिक्षकाबरोबर बंद खोलीत, गाडीवर किंवा परगावी मुक्कामाला पाठवू नका. मुलींचा संघ बाहेरगावी जात असेल तर सोबत महिला शिक्षिका किंवा आई असावी, हा आग्रह धरा. रात्री-अपरात्री मुलाला खासगी मेसेज करणारा प्रशिक्षक बदला, कारण विचारत बसू नका. मूल अचानक ‘मला जायचं नाही’ म्हणू लागलं तर आधी रागावण्याऐवजी ऐका. कंटाळाही असेल, वेगळंही असेल. अठरा वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२चा पॉक्सो कायदा आहे, आणि माहिती असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. ‘क्लबची बदनामी नको, आपसात मिटवू’ म्हणणारा व्यवस्थापक त्यामुळे स्वतःच अडचणीत येतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, पोलिसांसाठी ११२.

पैसे अडकले तर

‘कोचिंग मध्येच सोडलं तर उरलेली फी दहा दिवसांत परत मिळते, असं सरकारने सांगितलंय ना?’ हा प्रश्न हमखास येतो. केंद्राने जानेवारी २०२४मध्ये काढलेल्या कोचिंग केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांत तसं आहे खरं. पण त्या सूचना अभ्यासाच्या कोचिंगसाठी आहेत. खेळ, नृत्य, नाटक आणि इतर कला त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे स्केटिंगच्या किंवा डान्सच्या फीसाठी त्यांचा आधार घेता येत नाही.

तुमचा आधार आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कबूल केलेली सुविधा दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी. पावती न देणं आणि सदोष सेवेचे पैसे मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा. ‘मला आवडलं नाही’ किंवा ‘वेळ मिळत नाही’ एवढ्या कारणावर मात्र करारातल्या अटीच चालतात, हेही स्वच्छ समजून घ्या. क्रम असा ठेवा:

1. पावत्या, करार, बँकेच्या नोंदी, माहितीपत्रक, मेसेज एका फाइलमध्ये लावा. बंद तलावाचा, नसलेल्या रिंकचा तारखेसह फोटो काढा.
2. क्लबला स्पीड पोस्टाने लेखी पत्र पाठवा: काय कबूल केलं होतं, काय मिळालं नाही, किती रक्कम किती दिवसांत परत हवी. पोस्टाची पावती जपा.
3. हप्ता कर्जाचा असेल तर फायनान्स कंपनीला आणि बँकेला वेगळं पत्र द्या. नुसता हप्ता थांबवू नका, तुमचाच सिबिल खराब होतो.
4. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.
5. नाहीच मिटलं तर लातूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा, किंवा ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

कंपनीचं कार्यालय हैदराबादला असो की मुंबईला, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९च्या कायद्याने ही सोय केली. करारात ‘वाद लवादाकडेच न्यावा’ असं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात ठरवलेलं आहे. सही केली त्या दिवशी ‘सगळे दावे अमुक शहरातच’ हे वाचून घाबरून गप्प बसलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

मुदत मात्र सांभाळा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जावं लागतं. क्लबवाले ‘पुढच्या महिन्यात बघू, साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणत हीच दोन वर्षं घालवतात, म्हणून पहिलं लेखी पत्र फोनाफोनी सुरू असतानाच टाकून ठेवा.